केसांचं मौन

हॉलमध्ये शिंकायला जागा नव्हती. चपलांच्या दुकानावरचा दुसरा मजला तो. एरवी तिथे टायपिंगच्या परीक्षा व्हायच्या, नाहीतर कुणाच्या तरी निवृत्तीचा निरोप समारंभ. पण गेले तीन महिने दर रविवारी सकाळी दहाला तिथे दीडशे खुर्च्यांवर दोनशे माणसं बसत होती, आणि गंमत म्हणजे त्यांत म्हातारं माणूस औषधालाही सापडत नव्हतं. म्हाताऱ्यांनी आपल्या केसांशी केव्हाच तह केलेला असतो. जीव टांगणीला लागतो तो विशी-पंचविशीतल्या पोरापोरींचा, आणि कंगवेमहाराजांना हे पक्कं ठाऊक होतं.

व्यासपीठावर एक टेबल, टेबलावर पांढरी ताटली, ताटलीमागे महाराज. अंगात पांढरा लांब अंगरखा, खांद्यांवर रुळणारे काळेभोर दाट केस, हातात शिंगाचा कंगवा. शेजारी पन्नाशीच्या एक बाई चिमटा घेऊन उभ्या असायच्या. त्या ताटलीतले केस मोजून माइकवर आकडा सांगायच्या, म्हणून लोक त्यांना चिमटेवाली म्हणत.

त्या रविवारी पहिल्यांदाच आलेली एक मुलगी पुढे झाली. डोक्याला घट्ट पांढरं फडकं. महाराजांनी फडकं सोडलं आणि कंगवा मुळापासून टोकापर्यंत ओढला. एकदा, दोनदा, दहादा. ताटलीत केसांचा हा एवढा पुंजका जमला. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पाचशे बारा," चिमटेवालीने जाहीर केलं. दोन मिनिटांत पाचशे बारा केस कसे मोजले, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

"रडू नको, बाळ," महाराज म्हणाले. आवाज असा, की ऐकणाऱ्याला डुलकी यावी. "केस म्हणजे शरीराची अँटेना. तुझ्या अँटेनात कंपनं अडकली आहेत. मुळं गुदमरली आहेत. आता आपण मुळांना मोकळं करू."

त्यांनी पुंजका उचलून काचेच्या बरणीत ठेवला आणि बरणीवर क्रमांक घातला. मागच्या भिंतीवर अशा बरण्यांच्या चार फळ्या भरल्या होत्या. मग तिसऱ्या खेपेचा एक मुलगा वर आला. त्याची पहिल्या दिवसाची बरणी खाली काढली गेली, भरगच्च. महाराजांनी त्याच्या डोक्यावरून कंगवा फिरवला. ताटली जवळजवळ रिकामीच.

"सात," चिमटेवाली म्हणाली.

हॉलने श्वास सोडला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आता यात खोट काढायची कुठे? बरणी समोर, ताटली समोर, माणूस तोच.

सहाव्या रांगेत तिशीची एक बाई तेवढी हाताची घडी घालून बसली होती. ती ब्रशच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसाचे आठ तास डाव्या डोळ्याला भिंग लावून ब्रशांतले दोष शोधायचे हे तिचं काम, त्यामुळे कारखान्यात तिला सगळे भिंगवालीच म्हणत. खोट काढायची तिला सवयच होती. पण इथे तिला ती सापडत नव्हती, म्हणून ती मनातून चिडली होती.

तसा महाराजांवर संशय घेण्याचा पहिला मान तिचा नव्हे, तिच्या कारखान्याच्या मुकादमाचा. मुकादम एकतीस वर्षांचा, अंगाने दणकट, आणि कपाळ दरवर्षी बोटभर मागे सरकत चाललेलं. पहिल्याच रविवारी तो सगळ्यांना सांगत आला होता, "टोप आहे टोप. मी आज उपटून दाखवतो." आणि पठ्ठ्याने खरंच व्यासपीठावर जाऊन महाराजांचे केस दोन्ही मुठींत धरून हिसडा दिला. महाराज कळवळून वाकले. केस मात्र जागच्या जागी. महाराजांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि हसून म्हणाले, "अजून एकदा ओढ, बाळ. मनातली शंका मुळासकट निघू दे."

झालं. मुकादम पायांवर पडला. तेव्हापासून त्याच्याएवढा भक्त नव्हता. कारखान्यातली निम्मी माणसं त्यानेच इथे आणली, आणि त्यांत भिंगवालीची धाकटी बहीणही होती.

महाराजांचे नियम दोनच होते, आणि ते अगदी कडक. पहिल्या भेटीआधी सात दिवस केसांनी मौन पाळायचं. म्हणजे कंगवा नाही, पाणी नाही, तेल नाही, बोटंसुद्धा फिरवायची नाहीत. केस गोळा करून फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. "आधी त्यांचं रुसणं ऐकून घ्या," महाराज सांगत. पहिल्या भेटीनंतर मात्र मौन सुटायचं. रोज महाराजांचं तेल चोळायचं, धुवायचं, सकाळ-संध्याकाळ शंभर शंभर वेळा विंचरायचं, आणि रविवारी सकाळी न्हाऊन, विंचरून, "प्रसन्न केसांनी" दर्शनाला यायचं. बाकी काही नाही. औषधंबिषधं बंद.

या शेवटच्या दोन शब्दांनीच घरात रामायण घडवलं.

धाकटी चोवीस वर्षांची. त्याच कारखान्यात गुच्छ भरायच्या मशीनवर. ब्रशच्या लाकडी पाठीला भोकं पाडलेली असतात. मशीनची सुई तंतूंचा एकेक गुच्छ त्या भोकांत ठोकत जाते आणि चालवणाऱ्याने लाकूड नेमक्या वेळी सरकवायचं. त्या विभागात तिच्याइतका साफ हात कुणाचा नव्हता आणि तिला त्याचा अभिमान होता. सहा महिन्यांपूर्वी तिला सणकून ताप आला. दहा दिवस अंथरुणात. ताप उतरला, ती कामावर गेली, आणि अडीच महिन्यांनी केस गळायला लागले. उशीवर केस, टॉवेलवर केस, मोरीच्या जाळीत केस. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तेव्हा ते फारच कमी भरलं. पाळीत रक्त जास्त जातं, त्यात तो ताप. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि निदान चार महिने न चुकता घ्यायला सांगितलं.

गोळ्या सुरू झाल्या तसे महाराज आले, आणि गोळ्या थांबल्या. भिंगवालीला याचा पत्ताच नव्हता. तिला कळलं ते एका बुधवारी दुपारी, मशीनच्या विभागात आरडाओरडा झाला तेव्हा. धाकटीला चालत्या मशीनपुढे घेरी आली होती. शेजारणीने प्रसंगावधान राखून बटण दाबलं. सुई धाकटीच्या बाहीतून आरपार गेली होती. बोटं कशी वाचली ते एक मशीनलाच माहीत.

मुकादमाने तिला त्याच दिवशी मशीनवरून काढून खोकी जोडायला बसवलं. त्याने योग्यच केलं. संध्याकाळी घरी येताच धाकटी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"गोळ्या घेतेस ना?" भिंगवालीने विचारलं.

"कुठल्या?"

"कुठल्या काय? लोहाच्या."

धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली, "महाराजांनी बंद करायला सांगितल्यात. लोह जड असतं ना. ते केसांच्या मुळांवर जाऊन बसतं."

"मुळांवर जाऊन बसतं? का, त्याला पोटात खुर्ची मिळाली नाही?"

"कर चेष्टा. पण मला एक सांग, ताई. तू दिवसभर मोजामोजीच करतेस ना? पहिल्या रविवारी माझे केस पडले चारशे नव्वद. गेल्या रविवारी नऊ. तुझ्या डॉक्टरीणबाई चारशे नव्वदाचे नऊ करून दाखवतील?"

आकड्यावर पोट भरणाऱ्या बाईला आकड्यानेच गप्प केलं होतं.

"आणि दुसरं," धाकटी म्हणाली, "मी तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतं? 'केसच आहेत ना? हातपाय तर नाही गळत?' आई म्हणाली, पाणी बदललं असेल. तो माणूस निदान डोक्याला हात लावून विचारतो, कधीपासून गळतात म्हणून."

भिंगवालीला ते वाक्य म्हटल्याचं लख्ख आठवत होतं, आणि म्हणताना आपण किती शहाणे वाटलो होतो तेही. तिची तिलाच लाज वाटली. ती रागाने उठली, पण राग कुणावर काढायचा ते न कळून तिने उगाच भांडी घासली.

दोन दिवसांनी कारखान्यात एक खोकं परत आलं. कपड्यांचे दोनशे ब्रश, आणि सोबत गिऱ्हाइकाचं जळजळीत पत्र: तुमच्या ब्रशांचे केस गळतात. मुकादमाचा चेहरा पडला. त्याने खोकं भिंगवालीच्या टेबलावर आपटलं. "बाई, तुमच्या हाताखालून गेलाय हा माल."

तिने एक ब्रश उचलला आणि काळ्या कापडावर वीस वेळा घासला. हीच तिची रोजची तपासणी. तीन तंतू पडले तर माल पास, चौथा पडला की नापास. भिंग लावून मोजले. एकतीस.

"अहो, ते विंचरायचेच राहिलेत," मागून विंचरणीवरचे आजोबा म्हणाले. विंचरणी म्हणजे पोलादी दातांचा फिरता रूळ. गुच्छ भरून झाले की प्रत्येक ब्रश त्यावर धरायचा, म्हणजे आत अडकून राहिलेले सुटे तंतू निघून जातात. "त्या दिवशी पट्टा तुटला होता. कुणीतरी माल तसाच पुढे ढकलला. ब्रशांना काही झालेलं नाही. द्या इकडे."

त्यांनी तोच ब्रश विंचरणीवर धरला, घर्र आवाज झाला, आणि ब्रश परत दिला. भिंगवालीने पुन्हा काळ्या कापडावर वीस वेळा घासला. दोन.

"बघा," आजोबा म्हणाले. "मघाशी गळका होता, आता उत्तम. जादू झाली."

ते गमतीने म्हणाले होते. भिंगवाली मात्र हातात ब्रश धरून तशीच उभी राहिली. एकतीस आणि दोन. चारशे नव्वद आणि नऊ. सात दिवस कंगवा नाही, फडकं घट्ट. मग रोज दोनशे वेळा कंगवा, आणि येतानासुद्धा विंचरून या. हे आम्ही दिवसाला हजार ब्रशांना करतो, तिला वाटलं, आणि रविवारी तिथे जाऊन त्याच गोष्टीला टाळ्या वाजवतो. तिला हसू आलं आणि रडूही. आजोबांना वाटलं, बाईंना ब्रशचा फारच आनंद झाला.

सुट्टी होताच ती तडक दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चांगल्या डोक्याचेसुद्धा दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात," त्या म्हणाल्या. "केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो, मग गळतो, त्या जागी नवा येतो. सात दिवस विंचरू नका, सगळे आत अडकून राहतील. मग कंगवा फिरवला की आठवड्याचा गठ्ठा एकदम हातात. तुमच्याही डोक्यातून निघेल."

"आणि माझ्या बहिणीचं?"

"मोठा ताप आला, उपासमार झाली, बाळंतपण झालं, की पुष्कळ केस एकदम बसून राहतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. बहुतेकांचे आपोआप परत येतात, वेळ लागतो एवढंच. पण तिच्या अंगात रक्त नाही. नुसत्या केसांचा प्रश्न असता तर मी म्हटलं असतं, जाऊ दे तिला महाराजांकडे, विंचरून तरी देतील. पण गोळ्या बंद करून ती मशीनपुढे उभी राहिली, हे मला झोप येऊ देणार नाही."

"आमच्या मुकादमाचंही गळणं तिथे कमी झालंय, असं तो म्हणतो. पण कपाळ तर वाढतच चाललंय."

डॉक्टरीणबाई हसल्या. "त्यांचं वेगळं. ते आईवडिलांकडून आलेलं असतं. त्यात मूठभर केस पडायला लागत नाहीत. एकाच जागी दर खेपेला उगवणारा केस आधीपेक्षा बारीक येतो, शेवटी दिसेनासा होतो. त्याला औषधं आहेत, लवकर सुरू केली तर पुष्कळांना उपयोग होतो, चार-सहा महिने धीर धरावा लागतो आणि थांबवली की पहिले पाढे पंचावन्न. त्यांनी इकडे यायला हवं. तिकडे घालवलेला प्रत्येक महिना त्यांच्या कपाळातून वजा होतोय."

घरी येऊन भिंगवालीने भाषण केलं नाही. ती धाकटीच्या शेजारी बसली.

"मी त्या दिवशी मूर्खासारखं बोलले," ती म्हणाली. "तुला किती वाईट वाटलं असेल ते मला कळायला हवं होतं."

धाकटीने तोंड फिरवलं नाही.

"आता एक पैज लावू. महाराजांच्या तेलात ताकद आहे ना? मग परवाचा रविवार सोड, त्यापुढच्या रविवारपर्यंत तेल रोज लाव, कापसाने टिपून, अगदी मुळांना. फक्त विंचरू नकोस, धुऊ नकोस. फडकं बांध. रविवारी त्यांनाच विंचरू दे. नऊच्या आसपास पडले, तर मी गोळ्यांचं नाव काढणार नाही."

"आणि जास्त पडले तर?"

"तर गोळी त्याच दिवशी."

धाकटीने टाळीसाठी हात पुढे केला. तिला खरंच वाटत होतं की आपण जिंकणार. भिंगवालीला मात्र डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, डोकं म्हणजे काही ब्रश नव्हे, आकडा इकडचा तिकडे होऊ शकतो. हरलो तर बहिणीच्या अंगातलं उरलंसुरलं रक्तही त्या ताटलीत जाणार होतं. पण जबरदस्तीने गोळी गिळवायला धाकटी काही दोन वर्षांची नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ही पैज मुकादमाच्या कानावर गेली. तो छाती पुढे काढून म्हणाला, "मीही बांधतो फडकं. माझी श्रद्धा पक्की आहे, चार केससुद्धा पडायचे नाहीत." पॅकिंगमधल्या काकू डबा खाता खाता ऐकत होत्या. त्यांचा अंबाडा नारळाएवढा, केस गळणं कशाला म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं. "मी पण येते बाई," त्या म्हणाल्या. "मला काय करायचंय?"

"तुम्ही आणि मी उलटं करायचं," भिंगवाली म्हणाली. "फडकं बांधायचं, पण रोज धुवायचं, रोज विंचरायचं, आणि रविवारी नवीन म्हणून पुढे जायचं."

आठवडाभर कारखान्यात निराळाच तमाशा होता. मुकादम टोपीखाली फडकं बांधून घामाघूम, खाज सुटली तरी हात लावायची चोरी. धाकटी खोकी जोडत बसलेली, आणि दर थोड्या वेळाने मशीनच्या आवाजाकडे कान लावायची.

ठरलेला रविवार आला. हॉल खच्चून भरला होता. महाराजांनी सुरुवातीला वीस मिनिटं कंपनं, लहरी आणि विश्वाची ऊर्जा यांचं कालवण केलं. मग नव्यांना बोलावलं. पहिल्या गेल्या काकू.

"सात दिवस फडकं बांधलंस, माते?"

"बांधलं की," काकू म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. फडकं बांधलंच होतं.

महाराजांनी तो नारळाएवढा अंबाडा सोडला आणि कंगवा ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. त्यांनी कंगवा उलटा करून पाहिला. पंधरा-वीस वेळा ओढून ताटलीत जे पडलं ते चिमटेवालीला पहिल्यांदाच खरोखर मोजता आलं.

"सहा," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"तुझे केस आधीच प्रसन्न आहेत, माते," महाराज सावरून म्हणाले. पुढची भिंगवाली. आठ. हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. महाराजांनी घाईने नव्यांना थांबवलं आणि जुन्यांना वर बोलावलं. मुकादम ताठ मानेने गेला आणि त्याने टोपी काढली. महाराजांनी त्याच्या डोक्यावरून सराईतासारखा कंगवा फिरवला आणि बोलत बोलत खाली पाहिलं. आखूड केसांचा ढीग जमला होता. मुकादमाने स्वतःच्या केसांकडे असं पाहिलं, जणू ते त्याला ओळख देत नव्हते.

मग धाकटी. जिन्यातच तिने फडकं सोडून ठेवलं होतं, अंबाडा तसाच होता. महाराजांनी तो सोडला. पहिल्याच कंगव्याला त्यांचा हात जड झाला. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वेळी केस येतच राहिले. ताटली भरली. चिमटेवाली आकडा सांगायला विसरल्या. कुणी विचारलाही नाही, कारण तिची जुनी बरणी शेजारीच होती आणि दोन्ही गठ्ठे सारखेच दिसत होते.

"हे काय?" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. "ती तर बरी झाली होती ना?"

महाराजांचे डोळे बारीक झाले. "तू नियम मोडलास, बाळ. तू विंचरलं नाहीस."

"हो, नाही विंचरलं," भिंगवाली खालूनच म्हणाली, आणि तिचा आवाज माइकशिवायही पोचला. "तेल रोज लावलं. फक्त विंचरलं नाही. आणि मी नि काकूंनी तेलाचा थेंबही लावला नाही, फक्त विंचरलं. मग आता तुम्हीच सांगा, ताटलीत केस कमी पडतात ते तेलाने की कंगव्याने?"

महाराजांनी माइककडे हात नेला. पण हॉलमध्ये ब्रशच्या कारखान्यातली चाळीस माणसं बसली होती, आणि त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. पैज बघायला आलेले विंचरणीवरचे आजोबा मागच्या खुर्चीत एकदम हसत सुटले. "अरे, पट्टा तुटला होता," ते म्हणाले, "नुसता पट्टा तुटला होता."

मुकादम अजून वरच उभा होता. तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी तीन महिने..."

"तीन महिने तुम्ही चांगले विंचरलेले होता, मुकादम," भिंगवाली म्हणाली. "उद्या दवाखान्यात चला. तुमच्यासाठी औषध आहे. सगळे केस परत येतील असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, पण आहेत ते बरेचसे टिकवता येतील."

मागे एक मुलगा उठला. "मग माझे का गळतात?"

"मला काय माहीत? मी ब्रश तपासते. डॉक्टरीणबाई म्हणतात, कुणाचा ताप, कुणाचं रक्त, कुणाचं थायरॉइड, कुणाचं घराण्याचं, कुणी वजन उतरवायला जेवण सोडलेलं असतं, कुणी केस ओढून बांधलेले असतात. डोक्यागणिक कारण वेगळं. म्हणून तर सगळ्यांना एकच तेल देणाऱ्याकडे जायचं नसतं."

महाराज मोठे चलाख. हॉल हातातून सुटतोय हे पाहून ते धाकटीकडे वळले आणि त्याच डुलकी आणणाऱ्या आवाजात, पण माइक जवळ धरून म्हणाले, "बाळ, तुझी श्रद्धा ढळली. अजूनही थांब. आता गेलीस तर उरलेले केसही जातील, आणि ते मी परत आणू शकणार नाही."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. तसा तो हल्ली पांढराच असायचा. भिंगवालीला वाटलं, आपण वर धावत जावं, तिचा हात धरावा. पण ती जागची हलली नाही. पैज धाकटीची होती. धाकटीने ताटलीतल्या केसांकडे पाहिलं. तिला ते फार आवडायचे, लहानपणापासून. चोविसाव्या वर्षी कुणाला आवडत नाहीत? डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

"गेले तर जाऊ देत," ती म्हणाली. "मला मशीनवर परत जायचंय."

ती व्यासपीठावरून उतरली आणि बहिणीपुढे हात पसरून उभी राहिली. भिंगवालीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली, काकूंनी पाण्याची बाटली दिली, आणि दोनशे माणसांसमोर तिने गोळी घेतली.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये पुन्हा टायपिंगची परीक्षा होती. महाराज दुसऱ्या कुठल्याशा गावी गेले. तिथेही कंगवा आणि ताटली असणारच, आणि केसांची काळजी असलेली तरुण मुलं तर सगळीकडेच असतात. त्या मुलांना हसू नका. केस गळणाऱ्याला "केसच आहेत ना" म्हणणारं घर आणि "रडू नको, बाळ" म्हणणारा महाराज, यांत तो कुणाकडे जाईल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्याचं ऐकून घ्या, आणि त्याला दवाखान्यात न्या. आणि कुणी डोळ्यांदेखत चमत्कार करून दाखवला, तर चमत्काराकडे पाहण्याआधी एवढंच विचारा: याने आदल्या आठवड्यात आपल्याला काय काय करायला लावलं होतं? तेच एकदा उलटं करून पाहा. चमत्कार खरा असेल तर त्याला काही होणार नाही.